मशीन दोरा खातंय

आता आठवलं की सूनबाईला स्वतःचंच हसू येतं, पण मामेसासऱ्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हा तिची पक्की खात्री झाली होती की हा माणूस आपल्यावर चिडलेला आहे. लग्न होऊन दोनच दिवस झालेले. नवी नवरी घरभर गोड गोड बोलत फिरत होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत हे गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. तिनं आपलं विचारलं, "मामा, प्रवास कसा झाला?"

"बसून."

"नाही म्हणजे, त्रास नाही ना झाला काही?"

"नाही."

"आता राहणार ना चार दिवस?"

"पाच दहाची गाडी."

एवढं बोलून मान घड्याळाकडे. सूनबाईनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, माझं काय चुकलं? मामा तोडून बोलतात."

नवरा हसायलाच लागला. "तोडून? अगं, तीन उत्तरं दिली तुला! माझ्या मुंजीनंतर एवढं कुणाशी बोलला नव्हता तो. आवडलीस तू त्याला."

तर हे मामा. म्हणजे सूनबाईच्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. काचेला एक गोल भोक. त्या भोकातून सकाळपासून तोंडं यायची. एक तोंड, एक प्रश्न, एक उत्तर, पुढचं तोंड. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी भोक काही त्यांच्या समोरून हललं नव्हतं. घरात त्यांचं नावच खिडकीमामा. साखर कुठे आहे विचारलं तर सांगायचे, "वरची फळी. डावीकडून दुसरा. झाकण घट्ट आहे." त्यांच्याकडून मायेचा शब्द हवा असला तर तो असाच मिळायचा, झाकणाच्या माहितीत. हे सूनबाईला कळायला पाच वर्षं लागली. काही लोकांना अजून कळलेलं नाही.

आता सूनबाईचं सांगते. ती शिलाई मशीन दुरुस्त करते. वडिलांकडून शिकली. लोक आधी तिच्याकडे बघतात, मग तिच्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतात, आणि नसला की नाइलाजाने मशीन टेबलावर ठेवतात. अर्ध्या तासानं तेच लोक "ताई, तुमच्या हाताला गुण आहे" म्हणत परत जातात. दुकान तिच्या वडिलांच्या वेळचं, अगदी हमरस्त्याला लागून. इतकं लागून, की रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान रस्त्यातच गेलं.

नवी जागा मिळाली ती मागच्या गल्लीत. खाली गाद्यांचं गोदाम, वर दुसऱ्या मजल्यावर ही एक खोली. सव्वीस पायऱ्या. वडिलांचं टेबल, वाकड्या नाकाची तेलाची बुधली आणि पेचकसांचा डबा वर चढवताना चार माणसांचे आठ हात लागले. गिऱ्हाइकं मात्र चढेनात. ती बिचारी जुन्या पत्त्यावर जायची, रस्त्याच्या मधोमध मशीन कवेत घेऊन उभी राहायची, हॉर्न खायची आणि घरी जायची.

चौकात एक शोरूम आहे, नव्या मशीनचं. त्याचे मालक एक दिवस सव्वीस पायऱ्या चढून, धापा टाकत, आस्थेनं चौकशी करायला आले. "ताई, दुरुस्तीत काय राहिलंय आता? आमच्याकडे या की काउंटरवर. खुर्ची आहे, पंखा आहे. लोक जुनं मशीन दाखवायला आणतात. तुम्ही फक्त बघायचं आणि म्हणायचं, 'याचं आता काही होणार नाही, नवंच घ्या.' तुम्ही म्हटलं की पटतं हो लोकांना."

"आणि होण्यासारखं असलं तर?"

"तर जरा जास्त वेळ बघायचं," मालक म्हणाले, "आणि मग म्हणायचं."

तीन महिन्यांत काय ते सांगा, नाहीतर दुसरं कुणी बघतो, असं सांगून ते उतरले. सूनबाईनं घरी जाहीर केलं की तीन महिन्यांत लोक पायऱ्या चढायला लागले तर ठीक, नाहीतर टेबल विकणार आणि पंख्याखाली बसणार. हे सांगताना ती भाजी इतकी बारीक चिरत होती, की त्या दिवशी भाजी ताटात शोधावी लागली.

धाकटा दीर कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, "वहिनी, वेबसाइट करू. हल्ली मशीन बिघडलं की लोक आधी फोनमध्ये शोधतात. तुझी साइट वर आली की झालं. फक्त चांगले लेख हवेत. लेखांनी ट्रॅफिक येतं."

"लेख?" सासूबाईंनी चष्मा वर केला. सासूबाई तेहेतीस वर्षं शाळेत भाषा शिकवत होत्या. त्यांच्या हातून सुटलेली वेलांटी अजून कुणी पाहिलेली नाही. "लेखाचं माझ्याकडे लागलं."

त्यांनी आठ दिवस कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. नवव्या दिवशी लेख बाहेर आला. नाव होतं, 'शिवणयंत्र : एक चिंतन'. पहिल्या परिच्छेदात आदिमानवाला थंडी वाजत होती. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत त्याला सुई सापडली नव्हती. शेवटी वस्त्र आणि नातेसंबंध यांची जी काही सांगड घातली होती ती वाचून दिराच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे जांभईनं. पण आईपुढे बोलायची कुणाची छाती? दिरानं लेख साइटवर चढवला, वर आईला किल्लीही दिली, म्हणजे पासवर्ड हो, चुकून एखादा काना राहिला असला तर त्यांनाच आत जाऊन दुरुस्त करता यावा म्हणून. किल्लीचं लक्षात ठेवा.

महिनाभरात लेख चौदा वेळा उघडला गेला. त्यातले पाच दीर. उरलेले नऊ सासूबाई स्वतः, दुसरं कुणी उघडतंय का ते बघायला.

तेवढ्यात मामा राहायला आले. त्यांच्या घरी न्हाणीघराची फरशी उखडली होती. सूनबाईनं विचारलं, "किती दिवस लागतील मामा?" तर म्हणाले, "गवंडी म्हणतो आठ. म्हणजे चाळीस." जेवणं झाल्यावर टेबलावर पडलेला लेख त्यांनी उचलला, शेवटपर्यंत वाचला, मग कागद उलटा करून मागे बघितलं.

"काय शोधतोयस?" सासूबाईंनी विचारलं.

"उत्तर."

"कसलं उत्तर?"

"माणूस काय विचारायला आला होता?"

"लेख आहे तो, खिडकी नाही! वाचकाला विचार करायला लावायचं असतं."

"त्याचं मशीन बंद आहे," मामा म्हणाले. "विचार तो करतोच आहे."

सासूबाई उठून आत गेल्या. दाराचा आवाज व्याकरणशुद्ध नव्हता.

सूनबाईला आधी हसू आलं. मग दुसऱ्या दिवशी दुकानात रिकाम्या टेबलाकडे बघत बसली असताना हसू गेलं. संध्याकाळी तिनं विचारूनच टाकलं, "मामा, तुम्ही लिहाल का?" मनात म्हणाली, दोन शब्द खर्चायला ज्याच्या जिवावर येतं तो लेख काय लिहिणार! इथेही तिचा अंदाज चुकला. एकाच माणसाविषयी दोनदा चुकणं तसं सोपं असतं.

मामा म्हणाले, "लोक काय विचारतात ते आधी ऐकतो."

चार दिवस ते दुकानात फोनशेजारच्या स्टुलावर बसले. हातात जुनं चौकशी-रजिस्टर, अर्धं कोरं राहिलेलं. नंबर जुनाच, त्यामुळे पायऱ्या ऐकून कुणी येत नसलं तरी फोन यायचे. फोन वाजला की मामा आवाज मोठा करायचे आणि पलीकडचा जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचे. 'मशीन जड झालंय.' 'टाका सुटतो.' 'सुई सारखी मोडते, सुनेचा हात लागल्यापासून.' 'माझ्या आईचं मशीन आहे, पूर्वीसारखा आवाज येत नाही.' आणि सगळ्यात जास्त वेळा, बायका, पुरुष, शिंपी, कॉलेजातल्या मुली, सगळ्यांच्या तोंडी एकच: 'ताई, मशीन दोरा खातंय.'

"हे असं लिहून काय होणार?" सूनबाईनं विचारलं.

त्या दिवशी मामा तीन वाक्यं सलग बोलले. सूनबाईनं तारीख लक्षात ठेवली आहे.

"खिडकीत मला कुणी कधी 'अमुक गावी जाणारी पुढची गाडी किती वाजता' असं विचारलं नाही. 'आमची गेली का?' असंच विचारायचे. बोर्डावर 'आमची' नावाची गाडी नव्हती, म्हणून बोर्ड कुणी वाचत नव्हतं."

मग पान उलटून म्हणाले, "दोरा खातंय. का?"

सूनबाईचा जिव्हाळ्याचा विषय. ती सुरू झाली. ताण, चकत्या, बॉबिन, सुईची उंची, दोऱ्याचा पीळ. अकरा मिनिटं बोलली. मामांनी पेन्सिल टेकवलीसुद्धा नाही.

"मशीन टेबलावर आलं की तू पहिलं काय करतेस?"

"पहिलं? पहिलं तर वरचा दोरा काढून पुन्हा ओवते."

"किती वेळा त्यानेच होतं?"

"दहात सात वेळा."

"मग ते पहिलं," म्हणाले, आणि लिहायला लागले.

लेख झाल्यावर परीक्षा. सूनबाईनं मशीनला बसायचं, डाव्या हातानं अडकलेलं कापड धरायचं, उजव्या हातात फोन, फोनवर लेख. "चौकशीला येणाऱ्याच्या एका हातात पिशवी असते, दुसऱ्यात पोर," मामा म्हणाले. "अंगठा न हलवता उत्तर दिसतंय का?"

"नाही, थोडं खाली सरकवावं लागतंय."

मामांनी पहिलं वाक्य खोडलं. पुन्हा बसवलं. पुन्हा खोडलं. एवढ्याशा लेखासाठी सूनबाईनं सहा वेळा तेच कापड अडकवून घेतलं. सातव्यांदा अंगठा जागचा हलला नाही. लेख असा होता:

'मशीन दोरा खातंय? कापड दाबणारा पाय वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवला तर दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसत नाही, म्हणून खाली गोळा होतो. दहात सात वेळा एवढ्यानेच होतं. झालं असेल तर पुढे वाचू नका, कापड थांबलंय. झालं नसेल तर खाली बघा.'

संध्याकाळी घरी वाचन झालं. दीर डोक्याला हात लावून बसला. "मामा, 'पुढे वाचू नका' असं कोण लिहितं? लोकांनी साइटवर थांबायला हवं! तरच ट्रॅफिक येतं."

"एकतीस वर्षं स्टँडवर होतो," मामा म्हणाले. "थांबलेलं ट्रॅफिक मला माहीत आहे. त्याला खोळंबा म्हणतात."

"आणि घरच्या घरी दुरुस्त केलं तर वहिनीच्या दुकानात कोण येणार?"

"उरलेले तीन."

पण खरी तोफ पलीकडे होती. सासूबाईंनी कागद दोन बोटांत धरला होता, जसं मेलेलं झुरळ धरतात. "खातंय? यंत्र खात नाही. खाणं ही सजीवांची क्रिया आहे. दोऱ्याचा गुंता होतो, असं लिही. नाहीतर सूत्रगुंता, एकच शब्द, सुटसुटीत."

"लोक खातंय म्हणतात."

"लोक काय वाट्टेल ते म्हणतील! आपण लिहिताना जबाबदारीनं लिहायचं."

"लोखंड गंज खातं," मामा म्हणाले.

"तो अपवाद."

"काल रिक्षात तू धक्के खाल्लेस."

"तो वाक्प्रचार आहे! आणि मी सजीव आहे!"

"धक्के अन्न नाही."

"हे बघ, उगीच माझं डोकं खाऊ नकोस!"

मामांनी रजिस्टर उघडलं आणि तेही उतरवून घेतलं. सूनबाईला तोंडात पदर कोंबायचा होता, पण तिनं सलवार-कमीज घातला होता, म्हणून ती पाणी प्यायला गेली. लेख 'खातंय' सकट साइटवर चढला. सासूबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "लिहा, लिहा. भाषा मेली की कळवा."

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सात माणसं आली. साइटवर हो, दुकानात नाही. पंधरवड्यात रोज चाळीस-पन्नास यायला लागली. मामांनी आणखी लेख केले, सगळे त्याच रजिस्टरमधून. 'मशीन जड झालंय? तेल घाला. स्वयंपाकाचं नाही.' 'सुई सारखी मोडते? ती काचेवर ठेवा, खाली वाकडी फट दिसली तर टाकून द्या. सुनेला बोलू नका.' आणि एक लेख त्यांनी कुणालाही न विचारता लिहिला: 'दुकान सापडत नाही? रस्त्यात उभे राहू नका. गल्लीत या. गाद्यांच्या गोदामाशेजारी जिना आहे. सव्वीस पायऱ्या. मशीन जड असेल तर खालून हाक मारा, ताई खाली येतात.'

सूनबाईनं हा लेख दोनदा वाचला. डब्याचं झाकण घट्ट आहे, हे सांगायची ती पद्धत तिला आता ओळखू येत होती.

पहिली हाक आली ती एका शिंप्याची. खांद्यावर मशीन, कपाळावर घाम. "तो दोरा खाण्याचा लेख तुमचाच ना? वाचला आणि लगेच झालं बघा दुरुस्त."

"मग हे काय आणलंत?"

"हे दुसरं आहे. हे उरलेल्या तिनातलं."

मग एक बाई आली, मग तिची जाऊ, मग जावेच्या शिवणवर्गाची पाच मशीन एकदम, टेम्पोतून. गोदामवाला म्हणाला, ताई, जिन्याला कठडा तरी लावा, तुमची माणसं माझ्या गाद्यांवर पडतात. तिसऱ्या महिन्याचा मध्य आला होता आणि सूनबाई भाजी पुन्हा माणसांसारखी चिरायला लागली होती.

आणि एका सोमवारी सगळं थंड पडलं. फोन नाही, हाक नाही. मंगळवारी नाही. आठवडाभर नाही. दिरानं साइट बघितली, रोजची पन्नास माणसं चारवर आली होती. त्यानं सगळी जोडणी तपासली, नाना शंका काढल्या, कुठली तरी मोठी कंपनी नियम बदलते म्हणाला. शोरूमचे मालक त्याच आठवड्यात फोन करून म्हणाले, "ताई, पंधरा दिवस राहिले बरं का. खुर्ची पुसून ठेवलीय." सूनबाई दिवसभर टेबल पुसत बसली. पुसून पुसून वडिलांनी कोरलेली त्यांची दोन आद्याक्षरं तेवढी वर दिसायला लागली.

कारण सापडलं ते मामांना. साइटवर एक चौकट होती, 'शोधा' लिहिलेली. लोक तिच्यात काय टाइप करतात त्याची यादी दीर दर आठवड्याला छापून मामांना द्यायचा. मामा ती सकाळच्या चहाबरोबर पेपरसारखी वाचायचे. त्यांनी बोट ठेवलं. "'मशीन दोरा खातंय.' काही सापडलं नाही. 'दोरा खातंय.' काही सापडलं नाही. सतरा वेळा."

"असं कसं? लेख तर आहे," दीर म्हणाला आणि त्यानं लेख उघडला.

लेखाचं नाव होतं, 'शिवणयंत्रात सूत्रगुंता झाल्यास करावयाची उपाययोजना'. आत एकही यंत्र काहीही खात नव्हतं. बाकीचे लेखही नटूनथटून बसले होते. 'मशीन जड झालंय' चं 'यंत्राच्या गतीतील अवरोध' झालं होतं. आणि दुकानाचा पत्ता 'सोपानमार्गे सव्वीस पायऱ्यांचे आरोहण केल्यावर' सुरू होत होता.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

"आई," दीर म्हणाला, "तुझ्याकडे किल्ली आहे."

"मी काही बदललं नाही," सासूबाई म्हणाल्या. "फक्त शुद्ध केलं."

"अगं, लोकांना लेख सापडेना!"

"नीट शोधायचं ना मग! सुशिक्षित माणसंही मशीन वापरतात. त्यांनी काय शोधायचं? खातंय? कुणीतरी शुद्ध शब्द टाकेलच की चौकटीत, आणि तेव्हा त्याला काय सापडणार?"

सूनबाई उठली, सासूबाईंच्या शेजारी बसली आणि वाटाणे सोलायला लागली. दोन शेंगा झाल्यावर म्हणाली, "आई, मी काउंटरवर गेले ना, तर मला दिवसभर चांगल्या मशीनला 'याचं काही होणार नाही' म्हणावं लागेल. ते वाक्य अगदी शुद्ध आहे. पण मला नाही हो बोलता यायचं."

सासूबाईंचा हात शेंगेवरच थांबला. मग त्या उठल्या, कपाटातून चिठ्ठी काढली आणि दिराच्या पुढ्यात ठेवली. किल्ली. "बदल," म्हणाल्या. "खाऊ दे दोरा. पण लिहून ठेव, मला पटलेलं नाही. आणि एकही सुशिक्षित माणूस 'खातंय' टाइप करणार नाही."

मामांनी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं.

लेख परत आपल्या कपड्यांत आले. चार-पाच दिवस सूनबाईनं जिन्याकडे कान लावून काढले. मग एक हाक आली, मग तीन, आणि शेवटच्या आठवड्यात जिन्यावर वर जाणाऱ्यांनी खाली येणाऱ्यांना वाट द्यायची की उलट, यावरून दोन शिंप्यांची बाचाबाची झाली. ठरलेल्या दिवशी सूनबाई शोरूममध्ये गेली. पंखा खरंच होता.

"मग ताई, केला विचार?"

"हो."

"काय ठरलं?"

"नाही."

मालक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतंच. बाहेर पडल्यावर सूनबाईला कळलं की आपण कुणासारखं बोललो, आणि ती भर चौकात एकटीच हसली.

मामांच्या न्हाणीघराची फरशी एकदाची बसली. चाळिसाला एकोणीस दिवस वर लागले होते. निघायच्या दिवशी दुपारी सगळे टेबलाशी बसले होते. सासूबाईंनी खिडकीला नवा पडदा लावला होता, घरच्या मशीनवर स्वतः शिवलेला. मामांनी पिशवी मांडीवर घेतली, त्यातून आठवड्याची यादी काढली आणि चष्मा लावला.

"वाच, वाच," सासूबाई म्हणाल्या. "आहे का एक तरी शुद्ध शब्द? असणारच नाही. तुम्ही लोकांना सवय लावलीत."

"आहे," मामा म्हणाले.

सासूबाई सावरून बसल्या. "बघा! मी म्हणत नव्हते?"

मामांनी खिडकीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "मंगळवार. दुपारी दोन दहा. 'शिवणयंत्र सूत्रगुंता.' काही सापडलं नाही."

सासूबाईंनी पडद्याकडे बघितलं.

"दोन अकरा. 'शिवणयंत्रातील सूत्रगुंत्याचे निवारण.' काही सापडलं नाही. दोन बारा. तेच, पण शेवटी पूर्णविराम. काही सापडलं नाही."

दिरानं तोंडासमोर पेपर धरला.

"दोन सोळा," मामा म्हणाले. "'मशीन दोरा खातंय.' सापडलं."

सूनबाई पडद्याची शिवण निरखत होती. वरची पहिली वीत टाक्यांची नुसती जत्रा होती, त्याखाली मात्र सरळ रेघ.

"असेल कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या. "सुशिक्षित बाई असेल."

"असेल."

"आणि मधली चार मिनिटं तिनं दुसरा शब्द आठवून बघितला असेल. नाइलाज झाला असेल तिचा."

"असेल."

"तुला म्हणायचंय काय? मी होते?"

"मी कुठे काय म्हटलं?"

सासूबाई टेबलावरची न सांडलेली साखर गोळा करायला लागल्या. बराच वेळ गोळा केली. मग म्हणाल्या, "एक मात्र सांगते. तो पाय वर उचलून दोरा ओवायचा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. माणूस किती हैराण होतो."

"पहिल्याच ओळीत आहे, ताई."

"असेल. आम्ही, म्हणजे ती, घाईत असेल."

मामांनी यादीची घडी केली, रजिस्टरमधलं 'मला पटलेलं नाही' लिहिलेलं ते जुनं पान उघडलं आणि बहिणीपुढे सरकवलं. पेन्सिल वर ठेवली. "मशीन काय करतं?"

सासूबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं. सून छताकडे बघत होती. लेकाकडे बघितलं. पेपर थरथरत होता.

"खातं," सासूबाई म्हणाल्या.

मामांनी पेन्सिलीनं बारीकशी खूण केली, रजिस्टर मिटलं आणि पिशवी उचलली. पाच दहाच्या गाडीला अजून वेळ होता.